स्पिरिटचा वास

शाळेने दारू पकडायचं यंत्र विकत आणलं आणि पहिल्याच दिवशी त्यात सापडले ते पॉलिशचे मास्तर. ज्या माणसाला चहाचा दुसरा कप घेतानाही अपराधी वाटतं, तो माणूस. पण मास्तर दुपारभर एका टेबलाला लाखेचं पॉलिश करत बसले होते, आणि लाखेचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्या वासाने डोळे चुरचुरतात. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, श्वासातही उतरतो. यंत्राला बिचाऱ्याला स्पिरिट कुठलं आणि दारू कुठली हे कोण सांगणार? प्राचार्यांनी मोठ्या हौसेने नळी पुढे केली, मास्तरांनी फुंकर मारली आणि यंत्र लाल होऊन कोकलायला लागलं.

मग पोरांना आयतीच करमणूक मिळाली. त्यांनी रांग लावून फुंकलं आणि फर्निचरचा अख्खा वर्ग एकापाठोपाठ एक दारुडा ठरला. शेवटी प्राचार्यांनी, यंत्रच बिघडलेलं दिसतंय असं म्हणत, स्वतः फुंकून पाहिलं. तेही बराच वेळ त्याच खोलीत उभे होते, त्यामुळे यंत्राने त्यांचीही भीडभाड ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी ते यंत्र कपाटात गेलं आणि पुन्हा कोणी त्याचं नाव काढलं नाही.

यंत्र गेलं तरी नियम राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. ही शाळा हाताचं काम शिकवणारी. सकाळी सगळे यंत्रशाळेत असत: गोल करवत, रंधा मारायचं यंत्र, भोकं पाडायचं यंत्र. जेवणानंतर पॉलिशची खोली. तारेतला माणूस करवतीसमोर उभा राहिला तर काय होतं हे सांगायला मास्तरांना भाषण करावं लागत नसे. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती त्यांच्या नव्हे, त्यांच्या जोडीदाराच्या दारूने गेली होती.

करवतीचं काम जोडीने चालतं. एकाने फळी ढकलायची आणि दुसऱ्याने पलीकडून धरून ओढून घ्यायची. म्हणून मास्तरांनी नियमही जोडीचाच केला. सकाळी, स्पिरिटची एकही बाटली उघडायच्या आधी, जोडीदारांनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकांच्या तोंडासमोर श्वास सोडायचा, डोळ्यांत बघायचं, चार शब्द बोलायचे. समोरचा शुद्धीत वाटला तर त्याच्यासाठी हात वर करायचा. नाही वाटला तर हात खालीच ठेवायचा. दारू असो, गांजा असो, कसल्या गोळ्या असोत नाहीतर डॉक्टरने दिलेलं झोप आणणारं औषध असो, सगळ्यांना एकच माप. ज्याच्यासाठी हात वर झाला नाही, तो त्या दिवशी यंत्राजवळ जाणार नाही आणि त्यावर वादही घालणार नाही. "ज्याची बोटं तुमच्या हातात, त्यानेच तुमचा वास घ्यायचा," असं मास्तर म्हणत.

या वर्गात एक काका होता. वय छत्तिशीच्या आसपास, पण बाकीची सगळी पोरं विशीच्या आतबाहेरची, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचा काका झाला. पुढे मास्तरही त्याला काकाच म्हणायला लागले, आणि मास्तर त्याच्या वडिलांच्या वयाचे. आपणही काकाच म्हणू, पण त्याला अहो-जाहो करण्याइतकं काही त्याने अजून केलेलं नव्हतं.

काका आधी मालाचा ट्रक चालवायचा आणि प्यायचा. आधी काम संपल्यावर प्यायचा, मग काम संपत आलं की, मग काम सुरू व्हायच्या आधी. एका सकाळी ट्रक मागे घेताना त्याने गोदामाची भिंत पाडली. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं हे त्याचं नशीब, पण नोकरी गेलीच. घरी बसून त्याने पिणं वाढवलं. शेवटी त्याच्या बायकोने, जी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, कुठूनतरी शोधून काढलं की हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेत मोठ्या माणसांनाही घेतात. तिने त्याला सुरक्षेचे नवे जाड बूट घेऊन दिले आणि एवढंच सांगितलं की हे शेवटचं. ती शब्दाची पक्की बाई होती. शेवटचं म्हणजे शेवटचं, त्यानंतर ती लेकीला घेऊन बहिणीकडे जाणार होती, आणि हे काकाला पुरतं ठाऊक होतं.

काकाने दारूच्या नावाने कानाला खडा लावला. सुरुवातीला हात थरथरायचे, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही, पण तो टिकला. आता यातली गंमत बघा. ज्या माणसाने दारू सोडली, तो शिकायला गेला काय, तर लाखेचं पॉलिश. रोज संध्याकाळी तो घरी यायचा तो गुत्त्यातून उठून आल्यासारखा घमघमत. पहिल्या दिवशी बायको दारात आली आणि तशीच उभी राहिली. त्याने पिशवीतून पॉलिशचा बोळा काढून दाखवला, जुन्या मऊ कापडात बांधलेला कापसाचा गोळा. हा स्पिरिटमध्ये बुडवतात, लाकडावर गोल गोल फिरवतात, थांबला की डाग पडतो, असं सगळं त्याने घाईघाईने समजावलं. बायकोने मान डोलावली आणि ती आत गेली. त्यानंतर तिने कधी काही विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी तो आला की ती दारात यायची आणि तो बूट काढून आत येईपर्यंत तिथेच उभी असायची.

ती वास घेते आहे, काका मनात म्हणायचा. आधी त्याला त्याचं वाईट वाटायचं. मग सवय झाली. आणि सवय झाली तशी मनाच्या एका कोपऱ्यात एक वाईट विचार येऊन बसला. तो असा, की आता खरोखर प्यायलो तरी हिला कळायचं नाही.

काकाची जोडीदार होती एक एकोणीस वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभीच राहायची नाही. तोंडाने फटकळ, हाताला हलकी, आणि करवतीपलीकडून फळी अशी अलगद ओढून घ्यायची की काकाला आपण ढकलतो आहोत हे जाणवायचंही नाही. भिंगरीला काकाच्या ट्रकच्या गोष्टी आवडायच्या. काकाला आपली लेक मोठी झाल्यावर अशीच व्हावी असं वाटायचं, फक्त बोलायला जरा कमी.

एकदा भिंगरीला सर्दी झाली होती. ती घरून गोळी घेऊन आली आणि सकाळी रांगेत उभी राहिली तेव्हा तिचे डोळे जड दिसत होते. काकाने दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि हात खालीच ठेवला. भिंगरी तडतडली, म्हणाली, काका, साधी सर्दीची गोळी आहे, मी काय प्यायलेय का. पण नियमच तसा होता. भिंगरी दिवसभर कोपऱ्यातल्या बाकावर बसून स्क्रूंच्या मिसळलेल्या ढिगातून लांब-आखूड निवडत बसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने काकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सुट्टीत स्वतःच येऊन आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्या डब्यात टाकलं. मनातून काकाला फार बरं वाटलं. ट्रकवर असताना कोणाच्या जिवाची एवढी काळजी आपण कधी घेतली नव्हती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. एका दुपारी काकाने गोल टेबलाचा माथा पुरा केला. कित्येक दिवस तो त्यावर थरावर थर चढवत होता. मास्तरांनी टेबल खिडकीपाशी नेलं, आडवं बघितलं, तिरकं बघितलं, आणि त्यात स्वतःची अर्धी करंगळी बघून हसले. "काका, हे विकायला ठेवलं तर माझं ठेवलं काय आणि तुझं ठेवलं काय, गिऱ्हाइकाला कळायचं नाही," ते म्हणाले. काकाला उभ्या आयुष्यात कोणी असं काही म्हटलं नव्हतं. आनंदाने त्याला काय करू नि काय नको असं झालं.

दुःखात माणूस पितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आनंदातही पितो, हे काकाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. शाळेतून परतताना नाक्यावर त्याला त्याचा जुना ट्रकचा सोबती भेटला, आणि काका त्याला टेबलाचं सांगायला थांबला. सोबती म्हणाला, मग एक तर झालंच पाहिजे. काका नाही म्हणाला. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला. आणि मग तो कोपऱ्यात बसलेला वाईट विचार उठून उभा राहिला. अंगाला वास तर रोजचाच आहे. आज कोणाला कळणार आहे? एकाचे तीन झाले. रोजच्यापेक्षा थोडा उशिरा काका घरी पोचला. बायको नेहमीसारखी दारात आली, तो बूट काढून आत जाईपर्यंत उभी राहिली आणि एक शब्दही बोलली नाही. सुटलो, असं त्याने मनाशी म्हटलं. पण झोप काही नीट लागली नाही.

सकाळी त्याचं डोकं ठणकत होतं. दोन लवंगा चघळत तो शाळेत गेला आणि रांगेत भिंगरीसमोर उभा राहिला. भिंगरीने श्वास सोडला, आदल्या दिवशी बसमध्ये कोणाशी कसं भांडण झालं ते थोडक्यात सांगितलं, आणि काकाने तिच्यासाठी हात वर केला. मग त्याची पाळी आली. त्याने अगदी थोडा श्वास सोडला. भिंगरीची वटवट एकदम थांबली. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिचा हात तिच्या कडेला तसाच लोंबत राहिला.

काका तिच्या कानाशी वाकला. "अगं, कालच्या पॉलिशचा वास आहे तो," तो हळूच म्हणाला.

"काका, मग माझ्याही अंगाला यायला हवा होता," ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली. "मी पण काल पॉलिश केलंय."

काकाने डोळ्यांनी तिला विनवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात वर झाला नाही. शेजारच्या जोड्यांचे हात भराभर वर होत होते आणि पोरं करवतींकडे निघाली होती. ती दोघंच तशी उभी राहिली. मास्तर लांबून आले, काकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नळापाशी घेऊन गेले.

काकाच्या अंगाची लाही लाही होत होती. काल टेबलाचं कौतुक करणारे मास्तर आणि आज ही एवढीशी पोरगी. मी हिला लेकीसारखी मानतो आणि ही वेळेला अशी उलटते, असं काहीबाही तो बोलत सुटला. मास्तरांनी त्याला सगळं बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं, तिने हात वर केला असता आणि मला नंतर वास आला असता, तर काय झालं असतं हे माहीत आहे का?

काकाला माहीत नव्हतं.

"दोघांनाही शाळेबाहेर. जो झाकतो, त्यालाही. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं," मास्तर म्हणाले. "तू तेव्हा तुझे नवे बूट बघत होतास."

ते खरंच होतं. प्राचार्य रटाळ आवाजात वाचत होते आणि काका बुटांच्या पुढे बसवलेल्या लोखंडावर बोट मारून बघत होता. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांनी पुढचंही सांगितलं. कोणी झाकलं नसेल तर पहिल्या वेळेला काढून टाकत नाहीत. उद्या घरचं माणूस घेऊन यायचं. मग इस्पितळात जाऊन दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदा बसायचं. तोवर यंत्राला हात नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि भिंगरीने हात वर केला तर करवत. दुसऱ्या वेळेला मात्र दार बंद.

"आणि तिने हात वर केलाच नाही तर?" काकाने विचारलं.

"तर नाही. बोटं तिची आहेत," मास्तर म्हणाले आणि आपली करंगळी खिशात घालून आत निघून गेले.

काका पायीच घरी निघाला. आज अंगाला पॉलिशचा वास नव्हता, बूट मात्र तेच होते. वाटेत तो पुष्कळ सबबी रचत होता. शाळेला सुट्टी दिली. करवत बिघडली. पोटात दुखतंय. प्रत्येक सबब त्याने घोळवून बघितली आणि टाकून दिली, कारण उद्या घरचं माणूस न्यायचं होतं आणि घरी माणूस एकच होतं. शिवाय त्याच्या डोळ्यांसमोरून एक चित्र हलत नव्हतं. तो तशा डोक्याने फळी ढकलतो आहे आणि पलीकडे भिंगरीचे हात आहेत. ट्रक मागे घेताना निदान भिंतीपलीकडे कोणी नव्हतं. हे त्याच्या मनात आलं आणि तो रस्त्याच्या कडेला बाकावर बराच वेळ बसून राहिला. राग कुठल्या कुठे गेला होता. उरली होती ती भीती, आणि त्या भीतीच्या तळाशी, अजून नीट ओळखू न येणारं, त्या पोरीविषयी काहीतरी.

बायको त्या दिवशी कामावर गेली नव्हती, ती घरीच होती, लेकीचे कपडे घडी करत. तिने वर बघितलं. काका दारातच उभा राहून एका दमात बोलला. काल प्यायलो. आज शाळेत पकडला गेलो. तुला उद्या यायला सांगितलंय. तुला बहिणीकडे जायचं असेल तर मी अडवणार नाही.

बायकोने हातातली घडी पुरी केली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"शाळेतून कोणी आलं होतं?"

"कोणी कशाला यायला हवं? काल तुम्ही बूट नाड्या न सोडता ओढून काढलेत. दुसऱ्या पायाने टाच दाबून. शुद्धीत असलात की खाली बसून गाठी सोडता. सकाळी तसेच पाय कोंबून गेलात. आत्ताही बघा."

काकाने खाली बघितलं. दोन्ही बुटांच्या टाचा चेपलेल्या होत्या आणि नाड्यांच्या गाठी कालच्याच होत्या. मग तू रोज दारात वास घ्यायला उभी राहतेस ना, असं त्याने कसंबसं विचारलं.

बायको हसली, पण त्या हसण्यात गंमत फारशी नव्हती. "कसला वास? इतकी वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतेय. त्या औषधाच्या पाण्याने माझं नाक कधीच गेलंय. मला साधी फोडणी करपलेली कळत नाही. मी तुमचे बूट बघत होते."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते. रात्रभर बघितलं, सकाळीही बघितलं. बॅग खाली काढून ठेवली होती मी." तिने पलंगाच्या कडेला बोट दाखवलं. बॅग तिथे होती, रिकामी, तोंड उघडं. "अजून काही भरलं नव्हतं. म्हटलं, आज एक दिवस थांबू."

काका उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. भिंगरीने हात वर केला असता तर तो संध्याकाळी पॉलिशचा वास घेऊन, सुटलो असं म्हणत घरी आला असता. कदाचित भरलेल्या बॅगेपाशी. कदाचित त्याहून वाईट काहीतरी करून. त्या पोरीने नुसता हात खाली ठेवला, आणि त्याला त्याचं घर अजून घरात असतानाच घरी पाठवलं. बायको त्याच्याजवळ आली, खाली बसली आणि तिने गाठी सोडून त्याचे बूट काढले.

दुसऱ्या दिवशी दोघं शाळेत गेली. प्राचार्यांनी तिला नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच रटाळ आवाजात वाचून दाखवले, आणि या वेळी काकाने शब्दन् शब्द ऐकला. डॉक्टरांचं ठरलं. मग बायको म्हणाली, मला त्या मुलीला भेटायचंय. भिंगरीला बोलावलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता. आता ही बाई भर कचेरीत आपली खरडपट्टी काढणार असं वाटून ती दाराला चिकटूनच उभी राहिली. बायकोने तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, लाखेने पिवळी झालेली बोटं नीट बघितली.

"बाळ, तू काल हात वर केला नाहीस," ती म्हणाली. "माझं घर राहिलंय ते त्यामुळे. हे तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

भिंगरीला रडू फुटलं. ती आदल्या दिवशी घरी जाऊन जेवलीही नव्हती. काका आता आपलं तोंड बघणार नाहीत, दुसरी जोडी मागून घेतील, असं ती रात्रभर घोकत होती. काकाने पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बायको भिंगरीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय बोलली ते काकाला न सांगताच कळलं, कारण दोघींनी एकदमच त्याच्या बुटांकडे बघितलं.

त्यानंतर काका त्याच कोपऱ्यातल्या बाकावर बसून स्क्रू निवडायला लागला. पोरांनी थट्टा केली, म्हणाली काका, तुमच्यामुळे शाळेतले स्क्रू एकदाचे जागेवर आले. तो हसून निवडत राहिला. आठवड्यातून एकदा तो डॉक्टरांसमोर बसायचा आणि आनंद झाला की काय करायचं हे नव्याने शिकायचा. डॉक्टरांनी सांगितलं, चांगली बातमी आधी घरी सांगायची, मग नाक्यावर. एवढी साधी गोष्ट आपल्याला कोणी आधी कशी सांगितली नाही, याचं काकाला नवल वाटलं. भिंगरीला तोवर मास्तर स्वतः जोडीला उभे राहायचे, आणि ती जेवणाच्या सुट्टीत काकाजवळ येऊन मास्तर फळी कशी जोरात ढकलतात याच्या तक्रारी करायची.

मग डॉक्टरांनी हो म्हटलं. त्या सकाळी काका पुन्हा रांगेत भिंगरीसमोर उभा राहिला. भिंगरीने आपला श्वास सोडला, त्याने तिच्यासाठी हात वर केला. मग त्याने छाती भरून श्वास सोडला, काही न लपवता. भिंगरीने वास घेतला, डोळ्यांत बघितलं. मग मान खाली घालून सरळ त्याच्या बुटांकडे बघत राहिली. नाड्या ताज्या बांधलेल्या होत्या, दुहेरी गाठीच्या, टाचा ताठ. काकाने एक पाय थोडा पुढे केला, तिला नीट दिसावं म्हणून. भिंगरीने हात वर केला, इतका वर की ती चवड्यांवर उंच झाली. मास्तरांनी लांबून बघितलं आणि करवत सुरू करायला सांगितलं. काकाने फळी पुढे सारली. पलीकडे तिची पिवळी बोटं आली आणि तिने ती अलगद ओढून घेतली.

संध्याकाळी काका घरी आला तो नेहमीसारखा घमघमत. बायको दारात आली. तो उंबऱ्यावर बसला, एकेक गाठ सोडली, बूट काढले आणि म्हणाला, आज भिंगरीने हात वर केला. ही बातमी त्याने अजून कोणालाही सांगितली नव्हती. बायको आत गेली नाही. ती त्याच्याजवळ बसली, त्याच्या खांद्यापाशी वाकली आणि तिने एक मोठा श्वास आत ओढला, ज्यातून तिला काहीच कळणार नव्हतं.

"कसा असतो हो हा वास?" तिने विचारलं. "सगळे म्हणतात वास येतो, वास येतो. तुम्ही सांगा की."

काकाने बराच विचार केला. लाखेचा असतो, ओल्या लाकडाचा असतो, असं सांगता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. पण तिच्यापाशी नाक नव्हतं, आणि तिने ते काम आज त्याच्यावर सोपवलं होतं.

"थोडा दारूसारखाच असतो," तो म्हणाला.

बायको हसली, आणि त्याचे बूट उचलून आत घेऊन गेली.